न्हाणीघराची जुनी फरशी आणि नवे व्हिनाइल

घरातील सर्व जमिनींमध्ये न्हाणीघराच्या जमिनीवर सर्वांत अवघड काम सोपवलेले असते. तिच्यावर रोज पाणी पडते, साबण सांडतो, तेल ओघळते. तरीही तिने पाणी मोरीकडे वाहून न्यावे, ते खाली झिरपू देऊ नये आणि ओल्या पायाला घसरू देऊ नये, अशी आपली अपेक्षा असते. फरशी जुनी झाली, तिचे सांधे उघडे पडले किंवा पृष्ठभाग वापराने निसरडा झाला, म्हणजे ती बदलण्याचा विचार सुरू होतो. सर्व फरशी उखडून काढणे हे खर्चाचे, धुळीचे आणि शेजाऱ्यांना त्रासाचे काम असते. म्हणून तिच्याच वर व्हिनाइलचा पातळ थर अंथरावा, हा मार्ग पुष्कळांना सोयीचा वाटतो. घरात वृद्ध माणूस असेल, तर पायाखाली थोडी मऊ व कमी निसरडी जमीन असावी ही इच्छाही स्वाभाविक आहे.

हे काम वरवर पाहता सतरंजी अंथरण्याइतके सोपे दिसते. प्रत्यक्षात नव्या जमिनीचे आयुष्य व्हिनाइलपेक्षा त्याच्याखालच्या जुन्या फरशीवर अधिक अवलंबून असते. या फरशीची पूर्वतयारी करणे म्हणजे मुख्यतः दोन प्रश्नांची उत्तरे शोधणे होय. या जमिनीत पाणी कोठून येते? आणि आलेले पाणी कोठे जाते? या प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळाली तर पुढचे काम सरळ आहे. ती मिळाली नाहीत, तर उत्तम प्रतीचे व्हिनाइलही थोड्याच काळात फुगते, सुटते किंवा आपल्याखाली दुर्गंधी साठवून ठेवते.

तिरुवल्लिकेणीचे उदाहरण

या पुस्तिकेत चेन्नई शहरातील तिरुवल्लिकेणी या भागाचे उदाहरण घेतले आहे. १९९६ पूर्वी शहराचे अधिकृत नाव मद्रास होते, आणि इंग्रजी राजवटीत या वस्तीच्या नावाचे ‘ट्रिप्लिकेन’ असे रूप रूढ झाले. मूळ तमिळ नावात ‘तिरु’ म्हणजे पवित्र, ‘अल्ली’ म्हणजे कुमुद आणि ‘केणी’ म्हणजे तळे अथवा विहीर. कुमुदांचे पवित्र तळे असे पाण्याचेच नाव या वस्तीला मिळाले आहे. पल्लवांच्या काळापासूनचे पार्थसारथी मंदिर व त्याच्यासमोरचे तळे हा या वस्तीचा मध्य. पूर्वेस थोड्याच अंतरावर मरीना किनारा आणि समुद्र आहे.

या स्थानाचे तीन परिणाम घरांच्या जमिनींवर होतात. पहिला हवेचा. समुद्र जवळ असल्याने वर्षातील बहुतेक काळ हवा दमट असते आणि भिजलेली वस्तू सावकाश वाळते. दुसरा पावसाचा. चेन्नईत वर्षाला सरासरी सुमारे १४०० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्याचा निम्म्याहून अधिक भाग ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर येतो. तिसरा परिणाम मातीचा व भूजलाचा. किनाऱ्यालगतच्या पाण्यात क्षार असतात. जुन्या भाजक्या विटा व चुना हे पाणी वर शोषून घेतात, आणि पाणी उडून गेले की क्षार भिंतीवर पांढऱ्या भुकटीच्या रूपाने मागे राहतात. यालाच आपण लोणा म्हणतो.

घरांचे प्रकारही ध्यानात घेण्याजोगे आहेत. मंदिराभोवतीच्या रस्त्यांवर अरुंद दर्शनाची आणि मागे लांबवर गेलेली जुनी घरे आहेत. पुढे ओटा, मध्ये चौक आणि मागे विहीर व न्हाणीची जागा, अशी त्यांची पारंपरिक रचना. पुढे वरच्या मजल्यांवरही न्हाणीघरे बांधण्यात आली. याच भागात ‘मॅन्शन’ नावाने ओळखली जाणारी वसतिगृहे पुष्कळ आहेत. बाहेरगावाहून आलेले विद्यार्थी व नोकरदार पुरुष त्यांत राहतात, आणि सामाईक न्हाणीघराची जमीन पहाटेपासून रात्रीपर्यंत जवळजवळ कधीच वाळत नाही. गिरगावातील चाळीत, रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील घरात किंवा पुण्याच्या जुन्या वाड्यात राहणाऱ्या वाचकाला यांतील बरेचसे आपल्याच घराचे वर्णन वाटेल. म्हणून येथे सांगितलेले नियम त्यालाही थोड्याफार फरकाने लागू पडतील.

व्हिनाइल म्हणजे काय?

व्हिनाइलच्या जमिनीचे मुख्य द्रव्य पॉलिव्हिनाइल क्लोराइड हे बहुवारिक होय. जर्मन रसायनशास्त्रज्ञ ऑयगेन बाऊमान यांनी १८७२ मध्ये व्हिनाइल क्लोराइड वायूवर सूर्यप्रकाशाचा परिणाम होऊन पांढरा घन पदार्थ तयार होतो असे नोंदवले. पण हा पदार्थ ताठ व ठिसूळ असल्याने अनेक दशके त्याचा फारसा उपयोग झाला नाही. अमेरिकेतील वॉल्डो सेमन यांनी १९२६ मध्ये त्यात योग्य द्रव मिसळून तो मऊ व लवचीक करता येतो असे दाखवले. या द्रवांना मृदुकारक म्हणतात. १९३३ मध्ये शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात व्हिनाइलच्या लाद्या लोकांपुढे मांडण्यात आल्या, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांचा प्रसार वेगाने झाला.

व्हिनाइलचे तीन गुणधर्म आपल्या कामाला महत्त्वाचे आहेत. पहिला, ते लवचीक आहे. घरगुती वापराच्या पत्र्याची जाडी साधारण २ मिलिमीटर असते. असा पत्रा खालच्या पृष्ठभागाचा आकार हळूहळू घेतो. खाली फरशीच्या सांध्यांचे जाळे असेल, तर काही महिन्यांत त्या जाळ्याचा ठसा वर उमटतो. वाळूचा एखादा खडा खाली राहिला तर तेथे उंचवटा दिसतो, आणि पायाच्या घर्षणाने नेमक्या त्याच जागी व्हिनाइल प्रथम झिजते.

दुसरा गुणधर्म म्हणजे ते उष्णतेने बरेच प्रसरण पावते. तापमान १ अंश सेल्सियसने वाढले असता व्हिनाइलच्या १ मीटर लांबीत सुमारे ०.०७ मिलिमीटर वाढ होते असे धरू. ३ मीटर लांबीचा तुकडा २० अंशांनी तापला, तर ०.०७ × ३ × २० म्हणजे सुमारे ४ मिलिमीटर वाढेल. भाजलेल्या मातीच्या फरशीचे प्रसरण याच्या साधारण दहाव्या हिश्शाइतकेच असते. म्हणजे खालची फरशी जवळजवळ स्थिर असते आणि वरचा थर ताणला व आकसला जातो. दोहोंना जोडणारे चिकटद्रव्य दुबळे असेल, तर हा ताण प्रथम तेथेच जाणवतो.

तिसरा गुणधर्म सर्वांत महत्त्वाचा. व्हिनाइलमधून पाण्याची वाफ फारच थोडी जाऊ शकते. वरून पडलेले पाणी ते अडवते, पण त्याबरोबर खालून वर येणारी ओलही कोंडून ठेवते.

ओल कशी कोंडते?

जुनी फरशी आपल्या नकळत श्वास घेत असते. झिलईदार टाइलमधून वाफ जात नाही, पण टाइलांमधील सिमेंटचे सांधे सच्छिद्र असतात. २० सेंटिमीटर बाजूच्या टाइला ३ मिलिमीटर रुंदीच्या सांध्यांनी बसवल्या असतील, तर हिशेब केल्यास एकूण क्षेत्रफळाचे सुमारे ३ टक्के सांध्यांनी व्यापलेले आढळते. जमिनीतून वर येणारी सर्व ओल या ३ टक्के वाटेने बाहेर पडते. व्हिनाइल चिकटवले की ही वाट बंद होते. ओल येत राहते, जाण्यास मार्ग नसतो, आणि व्हिनाइलच्या खाली हळूहळू पूर्ण दमट थर तयार होतो.

येथून रासायनिक बिघाडास प्रारंभ होतो. सिमेंट व चुना हे अल्कधर्मी पदार्थ आहेत. ओलीत विरघळून त्यांतील अल्क वर येतो व चिकटद्रव्याला भिडतो. तेलावर कास्टिक सोड्याची क्रिया होऊन जसा साबण तयार होतो, त्याच जातीची क्रिया पुष्कळ चिकटद्रव्यांत व व्हिनाइलच्या काही मृदुकारकांतही घडते. चिकटद्रव्य लिबलिबीत होते, व्हिनाइलला फुगे येतात, आणि मृदुकारकांच्या विघटनातून उग्र वासाचे पदार्थ बाहेर पडतात. घरातील माणसे वासाचे कारण मोरीत शोधत राहतात, पण ते त्यांच्या पायाखालीच असते.

ओल खालून कशी चढते हे वर्गात सहज दाखवता येते. एका बशीत थोडे पाणी घेऊन त्यात भाजकी वीट उभी ठेवा. काही वेळाने विटेचा रंग पाण्याच्या पातळीच्या बराच वर गडद झालेला दिसेल. विटेतील सूक्ष्म नलिकांमधून पाणी गुरुत्वाकर्षणाविरुद्ध वर चढते. या क्रियेला केशाकर्षण म्हणतात. दुसऱ्या बशीत झिलईदार टाइल, झिलईची बाजू खाली करून ठेवली, तर पाणी तिच्यात शिरत नाही. न्हाणीघराच्या जमिनीत हे दोन्ही पदार्थ एकमेकांवर बसवलेले असतात.

दुसरा प्रयोग प्रत्यक्ष जमिनीवर करावयाचा आहे. न्हाणीघर दोन दिवस वापरात न आणता कोरडे ठेवावे. मग सुमारे ४५ सेंटिमीटर बाजूचा पारदर्शक प्लास्टिकचा चौकोनी तुकडा फरशीवर ठेवून त्याच्या चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद कराव्यात. दुसऱ्या दिवशी पाहावे. प्लास्टिकच्या खालच्या बाजूस पाण्याचे थेंब दिसले किंवा सांधे गडद झाले, तर ओल जमिनीतून येत आहे. थेंब वरच्या बाजूस असतील, तर ती हवेतील वाफ थंड पृष्ठभागावर साचलेली आहे, आणि तिचा उपाय खोलीत हवा खेळती ठेवणे हा होय. तळमजल्यावर हा प्रयोग मोरीजवळ, भिंतीजवळ व मध्यभागी असा तीन ठिकाणी करावा. मात्र थेंब दिसले नाहीत म्हणून जमीन पूर्ण कोरडी ठरत नाही. खात्री करण्यासाठी आर्द्रतामापक वापरतात. जमिनीवर बंदिस्त केलेल्या हवेची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांहून अधिक असू नये, असा सर्वसाधारण दंडक आहे.

वरच्या मजल्यावरील धोका

तळमजल्यावर ओल खालून येते. वरच्या मजल्यावर पाणी वरून खाली जाते, आणि त्याचे परिणाम अधिक गंभीर असू शकतात. चेन्नईतील जुन्या घरांत ‘मद्रास टेरेस’ नावाची छतरचना आढळते. सागवानी कड्यांवर पातळ विटा उभ्या काठावर, तिरप्या ओळींत, चुन्यात बसवतात. त्यांवर विटांच्या खडीचा व चुन्याचा कोबा आणि सर्वांत वर सपाट भाजक्या टाइला असतात. आपल्याकडील कडीपाटावरच्या धाब्याची ही दूरची नातेवाईकच म्हणावी.

अशा मजल्यावरील न्हाणीघरात व्हिनाइल अंथरले आणि त्याच्या कडेने पाणी खाली शिरले, तर वरून काहीच दिसत नाही. चुन्याचा कोबा ते पाणी शोषून घेतो. कड्यांची भिंतीत गेलेली टोके हवेपासून बंद असल्याने लवकर वाळत नाहीत. लाकडातील पाण्याचे प्रमाण त्याच्या कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांहून अधिक काळ वर राहिले की त्यात कुजवणारी बुरशी वाढू लागते. साग टिकाऊ खरा, पण सततच्या ओलीपुढे तोही कायम टिकत नाही. उघड्या फरशीवरील गळती खालच्या छतावर डाग पडताच लोक वर तपासू लागतात. व्हिनाइलखालची गळती मात्र सापडण्यास फार वेळ लागतो, कारण वरची जमीन नवी व नीटनेटकी दिसत असते.

म्हणून वरच्या मजल्यावर व्हिनाइलचा विचार करण्यापूर्वी पाणी साठवून परीक्षा घ्यावी. मोरीचे तोंड कापडाने घट्ट बंद करून जमिनीवर दोन-तीन सेंटिमीटर पाणी २४ तास राहू द्यावे आणि खालच्या छतावर लक्ष ठेवावे. छत लाकडी कड्यांचे व जुने असेल, तर आधी जाणत्या माणसाकडून कड्यांची टोके तपासून घ्यावीत व त्याच्या संमतीनेच ही परीक्षा करावी. ओल उतरली तर प्रथम जलरोधाचे काम करणे प्राप्त आहे. गळती झाकणे हा गळतीवरचा उपाय नव्हे.

फरशीची तपासणी

पाण्याचा प्रश्न समजल्यावर फरशीकडे वळावे. प्रथम ती कोणत्या जातीची आहे हे ओळखावे. झिलईदार टाइल पाणी शोषत नाही आणि चिकटद्रव्यही सहजासहजी धरत नाही. सिमेंटची लादी सच्छिद्र असते. १९२२ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या भारत फ्लोरिंग्ज या स्वदेशी कारखान्याच्या लाद्या, किंवा तमिळनाडूतील चेट्टिनाडच्या अत्तंगुडी येथे काचेवर ओतून हातांनी घडवलेल्या रंगीत लाद्या या वर्गात मोडतात. अत्तंगुडीच्या लाद्यांना खोबरेल तेलाने चकाकी देण्याची रीत आहे. हे मुरलेले तेल चिकटद्रव्याचे वैरी असते. शिवाय अशा लाद्या आता मोलाच्या ठरल्या आहेत. त्यांवर काहीही कायमचे चिकटवण्यापूर्वी त्या स्वच्छ करून तशाच वापरता येतील का, हे अवश्य पाहावे.

यानंतर प्रत्येक टाइलवर लाकडी मुठीने हलकेच ठोकावे. घट्ट बसलेली टाइल भरीव आवाज देते, आणि सुटलेली टाइल पोकळ आवाज देते. पोकळ टाइलांवर खडूने खुणा कराव्यात. मोजक्या टाइला सुटल्या असतील, तर त्या काढून, खालचा चुरा साफ करून सिमेंटमध्ये पुन्हा बसवाव्यात. तिसऱ्या हिश्शाहून अधिक फरशी पोकळ वाजत असेल, तर वर थर देण्याचा विचार सोडून जुनी फरशी काढणेच हिताचे.

तिसरी तपासणी उताराची. पाणसळ व २ मीटरची सरळ पट्टी घेऊन जमीन मोरीकडे किती उतरते हे मोजावे. दर मीटरला सुमारे १ ते २ सेंटिमीटर उतार असावा. पट्टी उताराच्या दिशेने ठेवली असता तिच्याखाली ३ मिलिमीटरहून मोठी फट कोठेही दिसू नये. उंबरठ्याची उंचीही याच वेळी मोजावी. ३ मिलिमीटरचा भराव व २ मिलिमीटरचे व्हिनाइल मिळून जमीन ५ मिलिमीटरने वर येणार आहे. त्यामुळे दार अडकणार नाही आणि पाणी उंबरठा ओलांडून बाहेरच्या खोलीत जाणार नाही, याची खात्री करून घ्यावी.

जमिनीवर पूर्वीच जुने व्हिनाइल किंवा काळ्या डांबरी चिकटद्रव्याचा थर असेल, तर तो कोरडा घासू अथवा खरवडू नये. विसाव्या शतकातील पुष्कळ व्हिनाइल लाद्यांत ॲस्बेस्टॉसचे तंतू घातलेले असत, आणि त्यांची धूळ फुप्फुसांना अपाय करते. अशा वेळी तो थर अखंड ठेवावा आणि माहितगाराचा सल्ला घ्यावा.

साफसफाई व पृष्ठभाग खरवडणे

न्हाणीघराच्या फरशीवर साबणाचा चिवट थर असतो. जड पाण्यातील कॅल्शियमचा साबणाशी संयोग होऊन जो न विरघळणारा पदार्थ तयार होतो, त्याचाच हा थर होय. तिरुवल्लिकेणीसारख्या किनारी भागात विहिरीचे व कूपनलिकेचे पाणी जड असल्याने तो लवकर साचतो. गरम पाण्यात धुण्याचा सोडा विरघळवून ताठ ब्रशाने फरशी घासावी, मग स्वच्छ पाण्याने दोन-तीन वेळा धुवावी. क्षाराचे कठीण पापुद्रे उरल्यास सौम्य आम्ल बेताने वापरावे. पण तीव्र आम्ल सांध्यांतील सिमेंट खाऊन टाकते, म्हणून ते टाळावे. एक इशारा मात्र प्रत्येक घरात माहीत असला पाहिजे. आम्ल आणि ब्लीचिंग पावडर किंवा तत्सम जंतुनाशक ही दोन्ही एकाच वेळी कदापि वापरू नयेत. त्यांच्या मिश्रणातून क्लोरीन हा विषारी वायू सुटतो, आणि लहान बंद न्हाणीघरात तो प्राणघातक ठरू शकतो.

स्वच्छ झालेल्या टाइलची काचेसारखी झिलई नंतर खरखरीत करावयाची असते, म्हणजे वरच्या थराला धरण्यास सूक्ष्म खाचा मिळतात. हे काम जाड घासकागदाने किंवा घासण्याच्या दगडाने, पाणी शिंपडत करावे. टाइल व सिमेंट यांच्या कोरड्या धुळीत सिलिकाचे सूक्ष्म कण असतात. ते वर्षानुवर्षे श्वासाबरोबर आत गेल्यास सिलिकोसिस हा असाध्य रोग जडतो. घरमालकाच्या घरी हे काम आयुष्यात एकदाच होते, गवंड्याच्या वाट्याला ते रोज येते. म्हणून पाणी शिंपडणे व तोंडावर योग्य मुखपट्टी बांधणे याबाबतीत गवंड्याने नाही म्हटले, तरी घरमालकाने आग्रह धरावा.

सांधे भरणे आणि उतार राखणे

सांध्यांचा ठसा वर उमटू नये म्हणून ते भरावे लागतात. २ मीटर लांब व १.५ मीटर रुंद अशा न्हाणीघरात २० सेंटिमीटरच्या टाइला असतील, तर सांध्यांची एकूण लांबी सुमारे ३० मीटर भरते. सांधे ३ मिलिमीटर रुंद व २ मिलिमीटर खोल धरल्यास त्यांना भरण्यास जेमतेम १८० घनसेंटिमीटर म्हणजे पेलाभर मिश्रण पुरते. उलट संपूर्ण जमिनीवर ३ मिलिमीटरचा थर द्यावयाचा तर ९ लिटर मिश्रण लागते. केवळ सांधे भरण्याचा मोह म्हणूनच होतो. पण भरलेला सांधा वाळताना थोडा आकसतो आणि पुन्हा किंचित खोल दिसू लागतो. यासाठी प्रथम सांधे भरून, ते वाळल्यावर पृष्ठभागाला योग्य प्रायमर लावावा आणि मग सर्व जमिनीवर पातळ थर द्यावा, ही पद्धत अधिक भरवशाची आहे.

येथे एक चूक फार वेळा घडते. जमीन सपाट करण्यासाठी बाजारात पातळ, आपोआप पसरणारी सिमेंटयुक्त मिश्रणे मिळतात. दिवाणखान्यात ती उत्तम काम देतात. न्हाणीघरात मात्र त्यांचा गुणच दोष ठरतो. द्रव आपली पातळी शोधतो हा निसर्गनियम आहे, आणि हे मिश्रणही उतारावरून वाहत मोरीभोवती जमते. थर वाळल्यावर जमीन आरशासारखी सपाट होते व उतार नाहीसा होतो. मग स्नानाचे पाणी मोरीकडे न जाता जागोजागी थबकते. म्हणून न्हाणीघरात थापीने लावता येईल असे घट्ट, पाण्याला टिकणारे दुरुस्तीचे मिश्रण वापरावे. मोरीच्या जाळीपासून भिंतीपर्यंत सरळ पट्टी फिरवून उतार राखत ते ओढावे. काम झाल्यावर तांब्याभर पाणी लांबच्या कोपऱ्यात ओतून ते विनाअडथळा मोरीत जाते का, हे पाहावे.

वाळवणे

सिमेंटचा थर कडक झाला म्हणजे तो वाळला असे नव्हे. कडक होणे ही रासायनिक क्रिया आहे. वाळणे म्हणजे उरलेले पाणी वाफ होऊन निघून जाणे. साध्या सिमेंटच्या जाड थराला दर मिलिमीटर जाडीमागे एक दिवस, असा अनुकूल हवेतील स्थूल हिशेब आहे. म्हणजे २५ मिलिमीटरच्या नव्या कोब्याला साडेतीन आठवडे तरी हवेत, आणि दमट हवेत त्याहूनही अधिक. पातळ थराच्या तयार मिश्रणाचा काळ त्याच्या पिशवीवर दिलेला असतो. तो कमीतकमी काळ समजावा.

या कारणाने कामाचा हंगाम निवडणे महत्त्वाचे ठरते. चेन्नईत फेब्रुवारी ते मे हा काळ सोयीचा. ऑक्टोबर ते डिसेंबर टाळावा. कोकणात व मुंबईत जून ते सप्टेंबर टाळून दिवाळीनंतर काम काढावे. थर वाळल्यावर प्लास्टिकच्या तुकड्याची परीक्षा पुन्हा घ्यावी. तळमजल्यावर ओल खालून येतच असेल, तर व्हिनाइलपूर्वी ओल अडवणारा, पृष्ठभागाला घट्ट धरणारा विशेष थर द्यावा लागतो. तो देऊनही भिंतींना लोणा दिसत असेल, तर ओल आता भिंतींकडे वळत नाही ना, यावर लक्ष ठेवावे. एका वाटेने अडवलेली ओल दुसरी वाट शोधते.

व्हिनाइल अंथरण्याचा दिवस

पत्रा निदान २४ तास आधी त्याच खोलीत किंवा शेजारी सपाट पसरून ठेवावा, म्हणजे तो तेथील तापमानाला येईल. ऐन दुपारच्या उन्हात तापलेला पत्रा कापून बसवल्यास तो रात्री आकसून कडेला फट पडते. न्हाणीघरासाठी लाद्या किंवा पट्ट्या न घेता शक्यतो एकसंध पत्रा घ्यावा. प्रत्येक सांधा हा पाण्याला दिलेला दरवाजा असतो. सांधा अटळ असल्यास तो उष्णतेने वितळवून जोडून घ्यावा. पत्रा भिंतीवर सुमारे १० सेंटिमीटर वर चढवून कोपऱ्याला गोलाई द्यावी. मोरीच्या तोंडाशी पत्रा आत वळवून कड्याखाली घट्ट दाबला गेला पाहिजे. पाणी आत शिरण्याची सर्वांत सामान्य जागा हीच होय.

पृष्ठभागावर सूक्ष्म कण बसवलेले, ओल्या पायांसाठी बनवलेले व्हिनाइल निवडावे. गुळगुळीत व्हिनाइल साबणाच्या पाण्यात झिलईदार टाइलइतकेच निसरडे होऊ शकते, आणि मग वृद्धांच्या सुरक्षिततेसाठी केलेला सर्व खटाटोप वाया जातो. काही चिकटद्रव्यांची वाफ ज्वलनशील असते. म्हणून काम चालू असताना खिडकी उघडी ठेवावी, आणि ज्योत, विडी-सिगारेट किंवा विजेची ठिणगी जवळ नसावी. चिकटवल्यावर जड रूळ फिरवून हवा बाहेर काढावी व सांगितलेल्या काळापर्यंत पाणी पडू देऊ नये.

केव्हा थांबावे?

शास्त्रीय ज्ञानाचा एक उपयोग काम कसे करावे हे सांगण्याचा, आणि दुसरा काम केव्हा करू नये हे सांगण्याचा असतो. ओलीची परीक्षा पुनःपुन्हा प्रतिकूल येत असेल, खालच्या छतावर डाग असतील, फरशी मोठ्या प्रमाणावर पोकळ असेल किंवा मोरीकडे उतारच नसेल, तर व्हिनाइल अंथरू नये. मॅन्शनसारख्या ठिकाणी न्हाणीघर आठवडाभरही बंद ठेवता येत नसेल, तर तेथेही हा मार्ग योग्य नव्हे. कारण ज्या जमिनीला वाळण्यास सवड नाही, तिच्यावर वाळण्याची अट असलेले काम टिकणार नाही. अशा ठिकाणी सांधे नव्याने भरणे, निसरड्या टाइलांच्या जागी खरखरीत टाइला बसवणे, भिंतीला हाताने धरण्याची दांडी लावणे आणि हवेसाठी झरोका मोकळा करणे, हे साधे उपाय अधिक हिताचे ठरतात.

आपल्याकडे तांब्याने अंगावर पाणी घेऊन स्नान करण्याची पद्धत आहे. सर्व जमीन रोज भिजते. ज्या देशांत स्नानाचे पाणी टबातच राहते, तेथील सूचना आपण जशाच्या तशा उचलल्या तर फसगत होते. म्हणून परदेशी पत्रकावरील चित्रापेक्षा आपल्या घरची मोरी, आपल्या गावचा पाऊस आणि आपल्या जमिनीतील ओल यांची परीक्षा प्रथम करावी. त्यासाठी लागणारी साधने म्हणजे प्लास्टिकचा एक तुकडा, चिकटपट्टी, पाणसळ, सरळ पट्टी आणि थोडे पाणी. एवढ्या साधनांनी काही दिवसांत मिळणारे उत्तर पुढील अनेक वर्षांचा खर्च, खालच्या मजल्यावरील शेजाऱ्याचे छत आणि कदाचित घरातील वडीलधाऱ्या माणसाचे हाडही वाचवू शकते.